फळ्यांचा पाहुणचार

तुळजाअक्कांशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडायला मीच गेलो होतो.

आठवडाभर मी चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचो. पहाटे कंपनीची बस, परत यायला काळोख. झोपायला म्हणून काय तो एक रविवार. नीलांकरैला समुद्रापासून दोन गल्ल्या आत मी पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा घरमालकानं समुद्राचा वारा, गोडं पाणी, सगळं सांगितलं. डोक्यावर भरतनाट्यमचा क्लास आहे, एवढंच सांगायचं विसरला लेकाचा. रविवारी सकाळी सहाला छत असं थाडथाड वाजायला लागलं की मी अंथरुणातच उठून बसलो.

तणतणत वर गेलो. दार सताड उघडं. लांबलचक हॉलमध्ये बऱ्याच मुली गुडघे वाकवून टाइल्सवर पाय आपटत होत्या. भिंतीशी एका बुटक्या स्टुलावर एक ठेंगण्या, सावळ्या, सत्तरीच्या बाई हातातल्या काठीनं लाकडाच्या ठोकळ्यावर ताल देत बसल्या होत्या. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, पदर कमरेला खोचलेला. मी जुळवून आणलेलं इंग्रजी वाक्य ऐन वेळी विसरलो आणि तोंडातून निघालं, "काय कटकट आहे राव सकाळी सकाळी!"

काठी थांबली. "कोण रे तूं? मराठी?"

"सांगलीचा. खाली राहतो."

"मी तंजावरची," बाई म्हणाल्या. जणू मधे कर्नाटक वगैरे काही नाहीच, दोन पेठांतलं अंतर. मग काठी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, "खालीं आवाज होतो?"

"आवाज? अहो, छत पडायचं तेवढं बाकी आहे!"

"सगळ्यांचे पाय एकदम पडतात, कीं मागेंपुढें?"

असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी आठवून पाहिलं. "मागेपुढे. एक कोणीतरी कायम उशिरा."

"पाहा!" त्या मुलींकडे वळून तमिळमध्ये कडाडल्या. मग मला म्हणाल्या, "मला समोर बसून तें कळत नाहीं. डोळे मधें येतात. तूं खालीं जा, कण्णा. खालीं जा आणि ऐक. चुकलें कीं ओरड."

आणि मी गेलो की हो! भांडायला गेलेला माणूस नोकरी घेऊन खाली आला. त्या रविवारी गॅलरीत उभं राहून मी "उशीर!" म्हणून ओरडलो आणि वरून काठीचा एकच टोला आला, पोच दिल्यासारखा. पुढं पुढं मला छतावरून पाय ओळखू यायला लागले. चष्मेवाली मीना नेहमी घाईत, शाळेत शिकवणाऱ्या बाईंची लेक टाच टेकवायची विसरते, असं मी खालून सांगायचो. त्याच्या बदल्यात मला वरून अंबट भाजी आणि डांगर पचडी यायची. माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, तू तिथं नोकरीला गेलायस की काय करायला गेलायस?

अक्का तीन भाषांत रागवायच्या. मुलींवर तमिळमध्ये, मुलींच्या आयांवर इंग्रजीत, आणि ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्यावर मराठीत. ती मराठी जुनी, हेल मात्र तमिळ. चांगल्या गोष्टीला त्या 'चोकोट' म्हणायच्या, कीव आली की 'पावम्', आणि लाडात आल्या की समोरच्याला 'कण्णा'. माझं बोलणं त्यांना पसंत नव्हतं. "तुमची मराठी फार धांवते रे. दम खाऊन बोल."

आणि ती काठी! काठीशिवाय अक्का म्हणजे मला डोळ्यांपुढं आणताच येत नाही. लिफ्टचं बटण काठीनं, पंख्याचं बटण काठीनं, दारात दूधवाला आला तर पिशवी कुठं ठेवायची तेही काठीनं. नाचणारे लोक सुरुवातीला जमिनीला हात लावून तो डोळ्यांना लावतात. आता तुझ्यावर पाय आपटणार आहे, रागावू नकोस, अशी ती क्षमा मागायची रीत. अक्कांचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून त्या काठीचं टोक जमिनीला टेकवायच्या आणि मग तेच टोक डोळ्यांना. मुली हात लावायच्या, अक्का काठी लावायच्या. गुडघे गेल्यापासून त्या स्वतः एक पाऊलही नाचल्या नव्हत्या. त्याबद्दल कधी बोलत नसत, आणि कुणी विचारलंच तर काठीनं दार दाखवत.

एकदा त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे माझ्या स्कूटरवरून नेलं. काठी त्यांनी आडवी धरली होती, त्यामुळे दोन रिक्षावाल्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. डॉक्टर तरुण आणि सभ्य होता. त्यानं फोटो बघितले आणि हळूच म्हणाला, "पाटी, कडक जमिनीवर पाय आपटणं आता विसरायचं." पाटी म्हणजे आजी. मला वाटलं, बाई आता खचणार. बाहेर आल्यावर मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, तर अक्कांचे डोळे लकाकत होते.

"काय म्हणाला? नीट सांग."

"कडक जमिनीवर पाय आपटायचा नाही म्हणाला."

"कडक जमिनीवर! ऐकलेंस ना तूंही? साक्षीला आहेस." आणि मागच्या सीटवर चढताना त्या गुणगुणायला लागल्या. मी म्हटलं, झालं, बाईंनी वाट शोधली.

घरी जाईपर्यंत माझ्या पाठीमागून सगळा इतिहास ऐकू आला. लहानपणी तंजावरला त्या सारवलेल्या मातीवर शिकल्या. ती माती पायाला परत ढकलायची. मग मद्रासला आल्या आणि सिमेंट, मोझॅक, टाइल्स. "या जमिनी नुसत्या घेतात रे. पाय घेतात, गुडघा घेतात, परत कांही देत नाहींत." मला खांद्यावर टोचून म्हणाल्या, "मला एक तिल्लाना नाचायचा आहे. लोकांपुढें नको. आवाज तेवढा व्हायला हवा. बोलूं नकोस कोणाशीं." तिल्लाना म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी येणारा तो भरधाव, आनंदाचा नाच. मी सिग्नलवर मान डोलावली.

जाहीर कारण अर्थात मुलींचे गुडघे. आया खूश. मग आम्ही जॉर्ज टाउनला एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेलो. दुकानदार गल्ल्यावरून उठून आला, अक्कांच्या कुंकवाकडे नि चमक्यांकडे बघून थेट सागवान दाखवायला लागला. अक्कांनी काठीनं त्याला थांबवलं. दोन विटा मागवल्या. विटांवर एकेक फळी ठेवायला लावली, चपला काढल्या, दुकानदाराचा खांदा हक्कानं धरला आणि फळीवर टाचेनं हलकेच ठोकलं. गिऱ्हाईकं, हमाल, समोरचा कुलपं विकणारा, सगळे गोळा.

"सागवान ऐकून घेतें," अक्का म्हणाल्या. "बोलत नाहीं." मग ओक. "हा भांडतो." मग एक फिकट, सायीच्या रंगाची फळी आली, अंगावर लांब सरळ रेघा. अक्कांनी ठोकलं, थांबल्या, पुन्हा ठोकलं. "हें कोण?"

"ॲश, अम्मा. थंड देशातलं. हातोड्याचे दांडे, होड्यांची वल्ही, खेळाच्या काठ्या, सगळं याचं करतात. धक्का सोसतं." मग प्रामाणिकपणे हळूच, "पण आपल्या हवेला सागवान बरं. याला ओल सोसत नाही."

"मलाही सोसत नाहीं, मी राहत्यें ना?" अक्का फळीवरून उतरायला तयार नव्हत्या. "हें परत देतें. हेंच पाहिजे."

फळ्या आल्या. जमीन घालायला आला सेल्वम. काळा चष्मा, शर्टाच्या पाठीवर 'युरोपियन फ्लोरिंग' असं छापलेलं, आणि बोलण्यात एवढा आत्मविश्वास की त्यातला थोडा तरी माझ्या साहेबाला द्यावा. त्यानं खोकी हॉलमध्ये रचून ठेवली आणि सांगितलं, "अक्का, लगेच नाही बसवायच्या. दोन आठवडे इथंच राहू देत. लाकडाला तुमच्या घराची सवय झाली पाहिजे. घरच्यासारखं वाटलं पाहिजे."

हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही घरात बोललं असतं तर काही बिघडलं नसतं. पण जिचे पूर्वजच लांबून येऊन तिथं रुजले, त्या तंजावरच्या मराठी बाईला कुणी सांगावं, की लांबून आलेल्यांना घरच्यासारखं वाटलं पाहिजे? अक्कांनी खोकी उघडून फळ्या मोकळ्या करून ठेवल्या. त्यांना हळदकुंकू लावलं. दारात मोठं कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढलं. क्लास गच्चीवर हलवला. खिडक्या लावून घेतल्या आणि हॉलमधला एसी, जो त्यांच्या मुलानं बसवून दिल्यापासून त्यांनी पाहुण्यांखेरीज कुणासाठी लावला नव्हता, तो रात्रंदिवस चालू केला.

मला कळलं ते एसीचं पाणी माझ्या गॅलरीत वाळत घातलेल्या शर्टांवर पडायला लागलं तेव्हा. वर गेलो तर हॉलमध्ये सिमल्यासारखा गारवा, आणि अक्का बाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर बसून विंझण्यानं वारा घेताहेत.

"अहो अक्का, आत बसा की गारव्यात!"

"मला काय करायचें आहे गारवा? तीं थंड देशांतलीं. आपल्या उकाड्यांत गुदमरतील. पावम्!" आणि आवाज खाली आणून, "हळू बोल, दमून आलीं आहेत."

मी हसून हसून जिन्यात बसलो. आणि माझं इंजिनियरिंग त्या वेळी कुठं झोपा काढत होतं, देव जाणे.

सेल्वम आला. त्यानं ओल मोजायचं यंत्र फळीला टोचलं, आकडा बघितला आणि खूश झाला. "सुपर! कडकडीत कोरडं. असं लाकूड मी चेन्नईत बघितलेलंच नाही, अक्का." अक्कांनी अभिमानानं माझ्याकडे बघितलं. रबराच्या गाद्या लावलेल्या पट्ट्यांवर त्यानं फळी फळीला घट्ट भिडवून जमीन घातली, आणि ती इतकी देखणी झाली की मुली दारातच थबकल्या. दसऱ्याला, म्हणजे नव्या मुली घ्यायच्या दिवशी, अक्कांनी काठीचं टोक त्या जमिनीला टेकवून डोळ्यांना लावलं. मग खिडक्या उघडल्या आणि एसी बंद केला. कायमचा. घाम आला नाही तर तो नाच कसला, असं त्यांचं मत होतं.

मी खालून ऐकत होतो. थाडथाड जाऊन आता गोड, भरीव धुम्म यायला लागलं. पायही आधीपेक्षा सुटे ऐकू यायचे. मी वर जाऊन विचारलं, "मग अक्का? तिल्लाना कधी?"

"उगा राहा. आधीं लेकरें नाचूं देत, जमीन रुळूं दे. दिवाळी झाली कीं."

दिवाळी आली, आणि चेन्नईची दिवाळी म्हणजे पाऊस. समुद्राकडून असली दमट हवा, की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि पापड वाकतात. एका रविवारी मला खालून हॉलच्या मधोमध पोकळ आवाज ऐकू आला. मी वर जाऊन सांगितलं. "पोकळ तुझें डोकें," अक्का म्हणाल्या. पुढच्या रविवारी मीनाच्या घुंगरातला एक मणी सुटला आणि हॉलच्या मधोमध पडून सरळ भिंतीपर्यंत गडगडत गेला. सगळ्या मुली त्या मण्याकडे बघत राहिल्या. जमीन मधोमध टम्म पुरीसारखी फुगली होती.

मुलींना हसू आवरेना. अक्कांनी त्या दिवशी क्लास लवकर सोडला. मी वर गेलो तेव्हा अक्का त्या उंचवट्याशेजारी स्टूल ओढून बसल्या होत्या आणि काठी मांडीवर होती. मला फार वाईट वाटलं. गुडघे काही कुणासाठी थांबत नाहीत, आणि ही बाई दिवाळी झाली की, दिवाळी झाली की, करत राहिली होती.

सेल्वम आला. चष्मा काढून त्यानं आधी समुद्राला नावं ठेवली, मग लाकडाला, मग व्यापाऱ्याला. यंत्र टोचलं आणि आकडा बघून गार पडला. "एवढी ओल? अक्का, बसवताना तर कोरडं ठणठणीत होतं!"

अक्कांनी हळूहळू मान वर केली. आधी एसीकडे बघितलं. मग उघड्या खिडकीकडे. मग माझ्याकडे.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "मीं त्यांना माझें घर दाखविलेंच नाहीं. दुसऱ्याच कोणाचें दाखविलें." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे भरून आले, ते पदरानं पुसले आणि परत हसल्या. "एसीची सवय लावली, आणि सण झाला कीं एसी बंद! फुगतील नाहीं तर काय करतील? मीही फुगल्यें असतें!"

सेल्वमनं दोन वाटा सांगितल्या. एसी जन्मभर चालू ठेवायचा, म्हणजे फळ्या कदाचित बसतील. नाहीतर सगळी जमीन उचकटायची, फळ्या उघड्या हवेत ठेवायच्या आणि पुन्हा घालायची. मुलाचा फोन आला, त्यानं एसी म्हणून सांगितलं. आया म्हणाल्या एसी. मीसुद्धा एसीच म्हणालो, कारण मला घाई झाली होती. त्यांच्यापेक्षा जास्त मलाच घाई झाली होती.

"उचकटा," अक्का म्हणाल्या. "एसींत मी नाचणार नाहीं. आणि या वेळीं पाहुणे म्हणून नको. घरचीं म्हणून राहूं देत."

मग काय विचारता! मार्गळीचा, म्हणजे संक्रांतीआधीचा, अख्खा महिना, जेव्हा सगळं चेन्नई गाण्यात आणि नाचात बुडालेलं असतं, तेव्हा अक्कांच्या हॉलमध्ये भिंतीकडेनं फळ्या पसरल्या होत्या आणि मधल्या मोकळ्या जागेत क्लास चालू होता. खिडक्या उघड्या, समुद्राचा वारा आत, रस्समचा वास, मुलींचा घाम, आयांच्या गप्पा, अक्कांचा तमिळ आरडाओरडा, सगळं त्या फळ्यांनी भोगलं. कुणी फळीला अडखळलं तर अक्का फळीलाच रागवायच्या. आणि रागवायच्या मराठीत! तेव्हा मी ओळखलं, की आता फळ्या घरच्या झाल्या.

पोंगल झाल्यावर सेल्वमनं जमीन पुन्हा घातली. काही फळ्यांच्या कडा उचकटताना तुटल्या होत्या. त्यातल्या एकीचा अक्कांनी मला पोळपाट करून दिला, कारण मी ओट्यावर पोळ्या लाटतो हे त्यांना कळलं होतं. जमीन शहाण्यासारखी सपाट राहिली. उन्हाळ्यात फळ्यांमध्ये केसाएवढ्या फटी पडल्या, तर सेल्वम लगेच भरायला निघाला. अक्कांनी काठी आडवी घातली. "श्वास घेत आहेत. राहूं दे."

पण तिल्लाना काही होईना. मी विचारायचो, त्या म्हणायच्या, परीक्षा होऊं देत, सुट्टी लागूं दे, मीनाचा पाय सुधरूं दे. एकदा नुसतंच "पाहूं" म्हणाल्या आणि काठीनं दार दाखवलं. त्यांना भीती वाटत होती. जमीन तयार होती आणि आता फक्त पायच उरले होते, सबब दुसरी कुठली उरली नव्हती. ते ओळखल्यावर मी विचारायचं सोडलं.

मग माझी चाकणला बदली झाली. सामान ट्रकनं पुढं गेलं. निघायचा दिवस रविवार होता, पण मुलींच्या परीक्षा म्हणून क्लास बंद. पोळपाट हातातल्या पिशवीत होता. टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. रिकाम्या खोल्यांतून शेवटची नजर फिरवत होतो, एवढ्यात छतावर एक पाऊल वाजलं. थोड्या वेळानं दुसरं. मी उभ्या जागी थांबलो. सगळे पाय मला पाठ होते. हा पाय मी कधीच ऐकला नव्हता, आणि सोबत काठीचा आवाज नव्हता.

किल्ली द्यायचं निमित्त होतंच. वर गेलो. दार अर्धवट लोटलेलं. काठी स्टुलावर आडवी पडलेली. अक्का खिडकीचे गज धरून खाली वाकत होत्या. इंचाइंचानं वाकल्या, तळहात त्या फिकट फळीवर टेकवला, क्षणभर तसाच ठेवला आणि डोळ्यांना लावला. मग गज सोडून उभ्या राहिल्या आणि पाय उचलला. तिल्लाना कुठला! लहान मुलींना पहिल्या दिवशी शिकवतात तो धडा. उजवा, डावा, उजवा, डावा. आणि तोंडानं स्वतःलाच मराठीत रागवत होत्या, "तुळजा, पाठ ताठ! तुळजा, खालीं बघूं नकोस!"

मी दारात हललो असणार. त्या थांबल्या. कपाळावर घाम, चेहरा लाल, आणि एखाद्या मुलीची चोरी पकडावी तशा लाजल्या.

"खालीं आवाज झाला?"

"झाला की, अक्का. चोकोट झाला."

"मग येथें काय करतोस?" त्यांनी काठी शोधली, ती हाताशी नव्हती, म्हणून बोटानंच जिना दाखवला. "खालीं जा आणि ऐक."

मी खाली आलो. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, वाजवू दे म्हटलं. रिकाम्या खोलीच्या मधोमध मान वर करून उभा राहिलो. धुम्म. धुम्म. मग जरा जोरात. रडू येत होतं आणि कानही लावायचे होते, दोन्ही एकदम करणं सोपं नाही. चार-पाच आवर्तनं ऐकली आणि मग गॅलरीत जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "अक्का, डावा उशिरा!"

वर सगळं थांबलं. मग पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं.